नाव न घेता केलेले आवाहन

१

दुपारी झोपायचे नाही, हा नियम मला मुंजीत मिळाला आणि अडुसष्टाव्या वर्षापर्यंत मी तो मोडला नाही. अकोल्याच्या वैशाखात हा नियम सोपा नव्हे. बारा वाजले की मोर्णेच्या काठापासून स्टेशनापर्यंत रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. माणसे दारे लावून घेतात, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारतात आणि उघड्या फरशीवर अंग टाकतात. सकाळची पूजा आणि अभंग आटोपलेले, मारुतीच्या देवळातले प्रवचन संध्याकाळी. शाळेतील संस्कृतची नोकरी सुटल्यापासून मधले चार तास माझे मोकळेच असत. त्या तासांत मी आणि रुख्मिणी मोक्षपट खेळत असू.

पट कापडी होता, तिने माहेराहून आणलेला. मुलांच्या सापशिडीसारखाच, पण तळाच्या घरात जन्म, माथ्यावर वैकुंठ, सापांना क्रोध-मत्सर अशी नावे, शिड्यांना दया, दान, नामस्मरण. नुसत्या कवड्या टाकून घरे मोजणे तिला पसंत नव्हते. तिची सोंगटी म्हणजे वाटसरू. तो लोभाच्या घरी पोचला की ती मला विचारी, "इथे विहीर आहे का? विहिरीवर कोणी आहे का? त्याने मला पाणी दिलं का?" मी हो किंवा नाही म्हणायचे, आणि त्यावरून तिने पुढची वाट रचायची. माझ्या वाटसरूची उत्तरे ती देई. तिची तांबडी सोंगटी नेहमी आधी वैकुंठाला जाई, कारण पदर सावरण्याच्या निमित्ताने ती सोंगटी एक घर पुढे सरकवी. मी पाहिले नाही असे दाखवी.

ती कार्तिकात गेली. वर्षश्राद्ध झाल्यावर पुढच्या माघात, एकोणीसशे अठ्ठावन्न साली, मी पट पुन्हा उघडला.

प्रश्न विचारायला मी होतो. उत्तर कोण देणार? पोथीचे पान उघडून पाहिले. परंतु मी विहिरीची चौकशी करावी आणि पोथीने ब्रह्म सांगावे. शिवाय पोथीला खेळात ओढणे मनाला लागले. चिठ्ठ्या केल्या, त्यांवर माझेच अक्षर. फासे आणले नाहीत, कारण आमच्या घरात फाशांना जुगाराचा वास येतो. शेवटी सात कवड्या ठरल्या. उताण्या अधिक पडल्या तर हो, पालथ्या अधिक पडल्या तर नाही. सात ही संख्या विषम. बरोबरी होऊच शकत नाही, म्हणून तिला लबाडीही करता येत नाही, असे मला वाटले.

तरी उत्तर देणारे कोणी समोर हवे. समोरच्या पाटावर मी पितळी ताटली ठेवली, तिच्यात मूठभर तांदूळ आणि तांदळांवर एक सुपारी. पूजेत आपण सुपारीलाच देव मानतो. हाताला साठ वर्षांची सवय. त्याने आपण होऊन अक्षता उचलल्या, सुपारीवर टाकल्या, आणि तोंडातून 'आवाहयामि' निघून गेले.

त्या शब्दाआधी नाव घ्यायचे असते. माझ्या ओठांवर एकच नाव होते आणि ते घेणे धर्माला धरून नव्हते; गेलेल्या माणसाला कोणी अक्षता टाकून बोलावीत नाही. म्हणून नावाची जागा मी मोकळी सोडली.

२

पहिले काही दिवस फार समाधानाचे गेले. कवड्या नेमके उत्तर देत. दयेच्या घरी म्हातारी भेटली का, हो. तिने आश्रय दिला का, नाही. ओसरीवरचे ऊन सरकत जाई, दोन वाजता गिरणीचा भोंगा होई, आणि मी मोठ्याने बोलत असे.

घरकाम करणारी गोदाबाई भांडी न्यायला आली की दारातच थबके.

"गुरुजी, सुपारीसंगं काय बोलून राह्यले तुमी?"

"खेळतो आहे, गोदाबाई."

"खेळा बापा. पन मी बारा वरसं झाले भांडे घासून राह्यली, मले कधी पाट देल्ला नाई. सुपारीले देल्ला!"

ती हसली. मीही हसलो. ताटली उचलताना मात्र तिने विचारले, "यावर खलबत्ता ठेवला होता का जी?"

मी पाहिले. सकाळी मी तांदळाचा ढीग टोकदार रचला होता. आता तो बसला होता, आणि सुपारीभोवती तांदूळ असे दबले होते, जसे कोणी अंगठ्याने जोर देऊन दाबावेत. उंदीर असेल, मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी नवे तांदूळ घेतले, स्वतः ढीग रचला आणि खेळभर त्याच्यावर नजर ठेवली. काहीही हलले नाही. खेळ संपला तेव्हा ढीग बसलेला होता.

सुपारीचे वजन किती असते, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

आठव्या दिवशी तिच्याखालचे काही दाणे फुटले होते. मी ताटली पुसली. बोटाला पीठ लागले.

हे मी कोणाला सांगितले नाही. खरे कारण लिहून टाकतो: रुख्मिणी आली असेल, अशी मला आशा होती. ती पाटावर बसायची तेव्हा पाट करकरत असे आणि ती त्यावरून स्वतःचीच थट्टा करी.

३

चैत्राच्या शेवटी तारा आली. ती आमची एकुलती. जावई हरिहरराव बडनेऱ्याला रेल्वेत होते. त्यांनी तिला गाडीत बसवून दिले आणि मी स्टेशनावरून टांग्याने घरी आणले. सातवा महिना होता. यापूर्वी दोनदा ती याच घरी आली होती आणि दोनदा रिकाम्या ओटीने परत गेली होती. दुसऱ्या वेळी तिच्या सासरकडून कोणी न्यायलाही आले नव्हते. या वेळी टांग्यातून उतरताना ती म्हणाली, "आबा, हे राहिलं नाही तर मी पुन्हा कोणाला तोंड दाखवणार नाही." ती रडली नाही. मला ते अधिक भीतीचे वाटले.

माझ्या जपाला तेव्हापासून एकच हेतू उरला.

दुपारी ती आतल्या खोलीत पडून राही. एकदा पाणी प्यायला उठली आणि पटापाशी उभी राहिली.

"आईचा पट! समोर कोण आहे, आबा?"

"कोणी नाही. कवड्या आहेत."

"मग पाट कशाला मांडलाय?" तिने वाकून समोरच्या पाटावर हात ठेवला आणि झटकन काढला. "हा इतका गरम कसा?"

"वैशाख लागतो आहे, बाळ."

माझा पाट गार होता. वाळ्याच्या पडद्याजवळ तोच होता, म्हणून तो गार, आणि समोरचा दूर, म्हणून तो गरम. असा मी विचार केला. विचार बरोबर होता. दोन्ही पाटांत दीड हाताचे अंतर होते.

"विचारा ना तिला," तारा म्हणाली, "मुलगा की मुलगी?"

"हा खेळ आहे, तारा. त्यात घरचे प्रश्न विचारायचे नसतात."

"आई असती तर तिनं विचारलं असतं," असे म्हणून ती आत गेली. जाताना तिने पोटावर हात ठेवला, थांबली, पुन्हा ठेवला. मग हळूच म्हणाली, "कालपासून हललं नाही हो हे."

डॉक्टरीणबाईंना मी त्याच संध्याकाळी बोलावले. त्यांनी नळी लावून ऐकले, चेहऱ्यावर काही येऊ दिले नाही, आणि दोन दिवस वाट पाहू म्हणाल्या.

४

दुसऱ्या दिवशीही काही हालचाल नव्हती. तारा भिंतीकडे तोंड करून पडून होती. गोदाबाई तिच्या उशाशी बसली होती. मी देवघरात बसलो, पण माळ पुढे सरकेना. शेवटी सवयीने पटापाशी येऊन बसलो. उपासनेच्या जागी खेळ मांडला, ही माझी चूक आहे आणि ती मी कबूल करतो.

एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला बराच काळ लागला होता. तांबडी सोंगटी कधीच वर गेली नव्हती. तीन महिन्यांत तिला शिडी अशी लागलीच नाही. साप मात्र न चुकता लागे आणि ती खाली येई. त्या दुपारी ती क्रोधाच्या सापावरून घसरली आणि तळाच्या पहिल्या घरात, जन्माच्या घरात, येऊन थांबली.

रुख्मिणी अशी कधी खेळली नसती.

मी मोठ्याने विचारले, "तू रुख्मिणी आहेस का?" कवड्या टाकल्या. सातही पालथ्या.

"तुला वर जायचे आहे का?" सातही पालथ्या.

हा योगायोग असू शकतो. मी गणित शिकवले नाही, पण इतके मला समजते. कवड्या गोळा केल्या. 

"खालीच यायचे आहे?"

सातही उताण्या. त्यांची दातेरी तोंडे माझ्याकडे होती.

पुढचा प्रश्न मनात उभा राहिला. तो मी उच्चारणार नव्हतो. तांबडी सोंगटी जन्माच्या घरात उभी होती, आतल्या खोलीतून गोदाबाईच्या पंख्याचा आवाज येत होता, आणि कवड्या माझ्या मुठीत होत्या. मी त्या टाकल्या नाहीत. खेळ थांबवायचा म्हणून डबीत घालण्यासाठी मूठ उघडली.

तळहातावर सातही उताण्या होत्या, दाटीवाटीने, एकीवर एक न चढता.

तेवढ्यात आतून तारा ओरडली, "आबा! हललं! आबा, लाथ मारली हो!"

गोदाबाई हसत-रडत बाहेर धावली. "गुरुजी, देवाले साखर ठेवा! जितं हाय लेकरू!"

मी साखर ठेवली. देवापुढे हात जोडले तेव्हा आभार कोणाचे मानावेत, हे मला समजेना.

५

तीन दिवस मी स्वतःची समजूत घालत राहिलो. चौथ्या दिवशी दुपारी विसर्जन करायचे ठरवले. ज्याला बोलावले त्याला निरोप द्यावा, हा साधा शिष्टाचार. तो मी इतके महिने पाळला नव्हता.

विसर्जनाला फार काही लागत नाही. अक्षता टाकायच्या, आलात तसे आपल्या ठिकाणी जा असे म्हणायचे, आणि सुपारी बोटाने किंचित सरकवायची. पण त्याआधी नाव घ्यायचे असते. अक्षता चिमटीत धरून मी किती वेळ बसलो, ते सांगता येत नाही. ज्याला नाव नाही त्याला जा कसे म्हणावे? दारात उभ्या माणसालाही आपण काही तरी नावाने हाक मारतो.

दोनचा भोंगा झाला. मी घाबरलो होतो, आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडी जे नाव येते तेच आले. मी म्हणालो, "रुख्मिणी, आता जा." तीनदा म्हणालो. अक्षता टाकल्या आणि सुपारीला बोट लावले.

ती सरकली नाही.

मी जोर दिला. मग अंगठा लावला. मग दोन्ही हातांनी धरून, गुडघ्यांवर येऊन, ओढली. एका सुपारीला. ताटली जागची हलेना, तिच्याखालचा पाट हलेना. तांदूळ मात्र हळूहळू करकरत होते.

"हे काय जी?" गोदाबाई मागे उभी होती. माझा घाम पाहून ती घाबरली. "व्हा बाजूले. काहून जीव काढून राह्यले?" तिने वाकून दोन बोटांनी सुपारी उचलली, कानाशी हलवली. "फोलासारखी हलकी हाय. आतून किडली दिसते."

मी हातात घेऊन पाहिली. खरोखर वाळल्या टरफलासारखी हलकी होती.

"आबा," तारा म्हणाली. ती आतल्या दाराची चौकट धरून उभी होती, चेहरा पांढरा पडला होता. "मला धरा. एकदम जड झाल्यासारखं वाटतंय."

६

ज्येष्ठात, भर दुपारी, घरीच तिची सुटका झाली. मुलगी. तान्हे गुटगुटीत होते; डॉक्टरीणबाईंनी ते कपड्यात घेताना दुसरा हात खाली लावला आणि म्हणाल्या, "अगंबाई, दिसते त्यापेक्षा भारी आहे!" सगळे हसले. ताराच्या चेहऱ्यावर मी लग्नानंतर पहिल्यांदा ते हसू पाहिले. त्या हसण्यासाठी मी काय दिले नसते? हा प्रश्न तेव्हा मी अलंकार म्हणून मनात आणला होता.

बाराव्या दिवशी बारसे. बडनेऱ्याहून ताराची नणंद लीलाबाई आली. पाळणा पटाच्याच खोलीत बांधला, कारण कडी तिथेच होती. सकाळी तारा माझ्याजवळ येऊन बसली.

"आबा, आईचं नाव ठेवायचं ठरवलंय."

माझ्या हातातले गंध सांडले.

"नको," मी म्हणालो.

"का?"

त्या नावाला मी जा म्हटले होते. तीनदा, अक्षता टाकून. ज्याला उद्देशून म्हटले त्याचे ते नाव नव्हते, म्हणून निरोप लागला नाही. नुसता बोललेला राहिला. आज ते नाव जर त्याला मिळाले, तर? आणि गेले, तर पाळण्यात काय राहील? दोनदा रिकाम्या ओटीने गेलेल्या मुलीला हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? मी इतकेच म्हणालो, "विमल ठेवा. चांगले नाव आहे."

"आईचं नाव तुम्हाला जड झालं का?"

मी सांडलेले गंध पुसू लागलो. ती उठून गेली. त्या दिवसापासून तिने माझ्याशी गरजेपुरतेच बोलणे ठेवले.

लीलाबाईने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात 'विमल' सांगितले. बायकांनी तिच्या पाठीत गुद्दे घातले, हशा झाला. मग आशीर्वादाच्या अक्षता टाकायला मला पुढे बोलावले. मी मूठ भरली आणि पाळण्याशी उभा राहिलो. बाळ जागे होते. ते माझ्या तोंडाकडे पाहत नव्हते. माझ्या मुठीकडे पाहत होते.

माझ्या हाताला साठ वर्षांची सवय आहे. अक्षता सुटल्या की मागून कोणते शब्द निघतील, याचा मला भरवसा नव्हता. मी मूठ उघडली नाही.

"आजोबांच्या मुठीतून तांदूळही सुटेनात," लीलाबाई म्हणाली. "नात झाली म्हणून राग आला वाटतं!"

तारा खाली मान घालून बसली होती.

७

सव्वा महिन्याने ती मुलीला घेऊन बडनेऱ्याला गेली. पट मी गुंडाळून ठेवला. सुपारी टाकून देता येईना. आवाहन केलेली वस्तू निरोपावाचून टाकू नये आणि निरोप मला देता येत नव्हता. ती त्याच ताटलीत, तांदळांच्या टोकदार ढिगावर, समोरच्या पाटावर राहू दिली. रोज सकाळी मी ढीग पाही. श्रावण गेला, दिवाळी गेली. एक दाणाही हलला नाही. सुपारी हलकी होती आणि नात बाळसे धरत होती, असे हरिहररावांची पत्रे सांगत. मी समाधान मानायला शिकलो.

मार्गशीर्षात ताराचे कार्ड आले. तिचे स्वतःचे, पहिलेच. पोस्टमन ते बाराच्या सुमारास देऊन गेला. मी ओसरीवर उभ्यानेच वाचले.

'ती. आबांस शि. सा. न. विमल आता रांगते. आबा, मी तुमच्यावर रागावले होते, पण आता राग धरवत नाही. एक सांगते, तुम्ही रागावू नका. गेल्या सोमवारपासून घरात आम्ही तिला आईच्याच नावाने हाक मारतो. गंमत अशी की विमल म्हटले तर ती बघतही नाही. रुख्मिणी म्हटले की लगेच वळते. पण आमच्याकडे नाही. दाराकडे बघते. ह्यांना वाटते, कोणी आले म्हणून. दोन दिवस जरा किरकिरी आहे, वजनही थोडे उतरल्यासारखे वाटते, दात येत असतील.'

त्या दिवशी शनिवार होता.

मी आत गेलो. सकाळी पूजेच्या गडबडीत ढिगाकडे पाहिले नव्हते. शुक्रवारीही नीट पाहिल्याचे आठवेना. ढीग बसला होता. सुपारीभोवती तांदूळ दबलेले होते.

तार करण्यापेक्षा गाडीने लवकर पोचेन, असा हिशेब करून मी गोदाबाईला टांग्याला पाठवले. धोतर बदलले, कार्ड खिशात घातले. त्यांनी ते नाव घेऊ नये, एवढेच जाऊन सांगायचे होते. कारण विचारले तर पाय धरायचे. टोपी घ्यायला खोलीत गेलो तेव्हा वाळ्याचा पडदा नव्हता, थंडीचे दिवस होते, घरात कसलाही आवाज नव्हता. म्हणून तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला. तांदूळ करकरत होते. कोणी तरी बसावे, आणि बसल्यावर आणखी थोडे सावरून बसावे, तसे.

समोरचा पाट करकरला.

बडनेऱ्याला या घटकेला तिला कोणी तरी लाडाने हाक मारीत असेल. एकदा, दोनदा.

"गुरुजी!" बाहेरून गोदाबाईने आवाज दिला. "टांगा आला जी. चला लवकर, गाडी निघून जाईन!"

मी वाकून पाहिले. ढीग उरला नव्हता. तांदळांत सुपारीचे टोक तेवढे वर दिसत होते. मी समोरच्या पाटावर हात ठेवला. मार्गशीर्षात तो गरम होता.

मी निघालो. दाराला कडी घातली नाही. ज्याच्यासाठी घालायची, ते आत येऊन बसले होते.